सीमेवरून : भारदे यांचा प्रश्न

ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन? शिवराम एकनाथ भारदे यांनी १८९८-९९ च्या सुमारास 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात हा प्रश्न मांडला आणि भाविक दुखावले. भिंगारकरबुवांनी त्यांना उत्तरही दिले. भारदे म्हणत, ज्ञानेश्वरी आपेगावच्या नाथपंथी ज्ञानदेवांची, अभंग आळंदीच्या विठ्ठलभक्त ज्ञानदेवांचे. पुरावा त्यांनी ग्रंथांतूनच काढला. नऊ हजार ओव्यांत विठ्ठलाचे नाव नाही. अभंगांत पानोपानी विठ्ठल, आणि कवीची नाममुद्राही 'बापरखुमादेवीवरु'. शिवाय अभंगांची भाषा अलीकडची. कर्नाटक सीमेवरच्या बोरगाव-निपाणीकडच्या वाचकाने हा वाद परका मानू नये. विठ्ठलाला कानडा म्हणणारा अभंग याच ज्ञानदेवांच्या नावावर आहे.

भारदे यांचा निष्कर्ष मला पटत नाही. भाषेचा पुरावा खरा, पण तो कवीचा काळ सांगत नाही, गाणाऱ्यांचा सांगतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. तिच्यात इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये (१५८४) एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. पोथी समोर ठेवून उतरवलेल्या ग्रंथाची ही गत, तर टाळांच्या ठेक्यावर तोंडोतोंडी आलेल्या अभंगांचे काय झाले असेल! 'म्हणौनि'चे 'म्हणोनी' आणि पुढे 'म्हणून' व्हायला दुसरा कवी लागत नाही. मुद्रेतला 'वरु' मात्र जुन्या उकारासह टिकला, कारण मुद्रेला सहसा कोणी हात लावत नाही.

मग ज्ञानेश्वरीत विठ्ठल का नाही? हा आक्षेप जड आहे. गीतेच्या टीकेत कृष्णच असणार, हे उत्तर अर्धेच. कारण ज्ञानदेव गीता बाजूला ठेवून गुरुस्तवनात रमतात, तिथे विठ्ठलाला जागा होती. पण ज्या निवृत्तिनाथांना त्यांनी ती जागा दिली, तेच अभंगांतही गुरू आहेत. ज्ञानदेव दोन मानले की या निवृत्तीचाही उलगडा करावा लागतो. तो मला भारदे यांच्या मांडणीत अवघड दिसतो. म्हणून गाथेतला प्रत्येक अभंग ज्ञानदेवांचाच, असे मात्र नव्हे. थोरांच्या नावावर मागाहून रचना चढतात. त्या निवडायच्या तर ओवी आणि अभंग शेजारी ठेवून वाचावे लागेल, आणि हे वाचन भारदे यांनी भाविकांचा रोष पत्करून केले. सुरुवात हरिपाठापासून करावी. तो रोज म्हटला जातो, त्यामुळे शब्द तिथेच सर्वांत जास्त झिजले असणार.

— बोरगावकर