सेविकेची सर्दी

डिसेंबर उजाडला की उत्तर भारतातील अंगणवाड्यांच्या खिडक्या बंद होतात. ऊब टिकावी हा हेतू योग्यच. परंतु कोंदट खोलीत ३ ते ६ वर्षांची बालके एकत्र खोकू लागली की त्यांची नाके पुसणारी सेविकाही लवकरच आजारी पडते. सर्दी विषाणूंमुळे होते, हे स्वेटरच्या भरवशावर विसरले जाते. खिडकी थोडी उघडी ठेवणे आणि नाक पुसल्यावर, तसेच आहार वाटण्यापूर्वी, साबणाने २० सेकंद हात धुणे हाच खरा उपाय होय. अर्थात, पाणी बर्फासारखे असते. तेव्हा कोमट पाण्याची बादली ही चैन समजू नये.

२०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सेविका व मदतनीस यांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण घोषित झाले. निर्णय स्वागतार्हच, मात्र ते संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे. अंगात ताप असताना दोन दिवस घरी राहण्याची सोय त्यात नाही, आणि तापलेली सेविका कामावर आली तर बालकांनाही तोच आजार जडतो. त्या दोन दिवसांसाठी शेजारच्या केंद्रातून कोण येईल, हे पर्यवेक्षिकेने थंडीपूर्वीच ठरवून ठेवावयास हवे.