दाढ भरताना घाई नको

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची मंडळी पुष्कळ असतात. दाढ किडली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, चांदी भरायची की सिमेंट?"

चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांबे. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे जग आता त्यापासून दूर जात आहे. भारताने 2018 साली मिनामाता कराराला मान्यता दिली. युरोपीय संघात 2025 पासून अमाल्गमचा वापर, अपवाद वगळता, बंद झाला. मात्र तोंडातली जुनी चांदी शाबूत असेल तर ती उगाच काढून घेऊ नये.

लोक ज्याला सिमेंट म्हणतात, ते बहुधा कंपोझिट असते. राळेसारखे रसायन आणि काचेची बारीक पूड यांचे हे मिश्रण. दाताच्या रंगाचे असते आणि दाताला चिकटते, म्हणून दाढ कमी कोरावी लागते. पण त्याला ओलावा अजिबात चालत नाही. चिकटवताना लाळ लागली की पकड सुटते, फट राहते आणि तिथून पुन्हा कीड शिरते. शिवाय निळ्या प्रकाशाने घट्ट होताना ते थोडे आकसते. म्हणून साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर देत भरावे लागते. मागच्या दाढेपाशी जीभ, गाल आणि लाळ यांना आवरून हे करायचे, म्हणजे वेळ लागणारच.

नेमका वेळच आमच्या माणसांकडे नसतो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी. खाडा झाला की मजुरी बुडाली. त्यामुळे "पटकन भरा" असा आग्रह होतो, किंवा रात्री झोप उडेपर्यंत दुखणे अंगावर काढले जाते. तोवर कीड नसेपर्यंत पोहोचलेली असते. मग नुसते भरून भागत नाही. रूट कॅनाल करा, नाही तर दाढ काढा. एका खाड्याच्या जागी चार खाडे होतात.

म्हणून सांगतो, काळा ठिपका दिसला किंवा गोड खाताना कळ आली की सुटीच्या दिवशी या आणि तासभर हाताशी ठेवा. दाढ कोरडी कशी ठेवणार, हे डॉक्टरांना खुशाल विचारा. भरल्यावर चावताना उंच लागले तर दोन दिवसांत परत जा, घासून घ्या.

आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या तोंडात मागे डोकावा. तिथे आलेली दाढ दुधाची नव्हे, कायमची असते. ती पडून पुन्हा येणार नाही.