घरांतील वायफायची पेटी व तिच्या दोन किल्ल्या

हल्लीं गांवोगांवीं फायबरची तार आली असून बऱ्याच शेतकऱ्यांच्या घरीं वायफायची पेटी बसलेली दिसते. सातबाराचा उतारा, पिकाची नोंद, बाजारभाव, बँकेचा व्यवहार हीं कामें तिच्याच द्वारें होऊं लागलीं आहेत. असें असतां ही पेटी लावून घेण्याचे कामीं आमचे शेतकरी बंधु जी बेफिकिरी दाखवितात, तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

जोडणीवाला मुलगा येतो, पेटी भिंतीस ठोकतो, चिठोऱ्यावर परवलीचा शब्द लिहून देतो आणि निघून जातो. मालक समजतो कीं काम झालें. आमचे मतें खरें काम येथूनच सुरू होतें. पेटीच्या किल्ल्या दोन. एक जाळ्यांत शिरण्याची; दुसरी पेटीच्या कारभाराची, जिच्या योगें पहिलीही बदलतां येते. ही दुसरी किल्ली पुष्कळ पेट्यांवर कारखान्यांतूनच एकसारखी येते. ती न बदलणें म्हणजे कोठारास कुलूप घालून किल्ली चौकटीवर ठेवणें होय. महसूल दप्तरीं कारकुनी करितांना आम्ही एवढें शिकलों कीं, किल्ली कोणापाशीं आहे हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्याचें दप्तर सुरक्षित समजूं नये.

'आमच्या येथें चोरण्यासारखें काय आहे?' असें कित्येक विचारतात. त्यांनीं २६ जुलै २००८ चा प्रसंग आठवावा. त्या दिवशीं अहमदाबादेस बाँबस्फोट झाले. त्यापूर्वीं कांहीं मिनिटें धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईंतील एका गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून. चौकशी प्रथम त्या गृहस्थाचीच झाली. जोडणी ज्याच्या नांवें, त्यासच जाब द्यावा लागतो.

तेव्हां प्रथम कारभाराची किल्ली बदलावी. कुलुपाच्या प्रकारांत १९९७ चा डब्ल्यूईपी केव्हांच निकामी ठरला आहे. २००४ चा डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ चा डब्ल्यूपीए-३ निवडावा. परवलीचा शब्द कमींत कमी ८ अक्षरांचा लागतो. आपण १५-२० अक्षरांचा ठेवावा, व त्यांत गट क्रमांक किंवा मुलाचें नांव घालूं नये. ८ आंकड्यांनीं जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस नांवाची सोय बंद करावी. पेटी ते आंकडे दोन तुकड्यांत तपासते, आणि शेवटचा आंकडा आधींच्या सातांवरून ठरतो. यामुळें दहा कोटींऐवजी फार तर ११ हजार प्रयत्नांत कुलूप उघडतें, हें २०११ सालीं उघडकीस आलें. पाहुण्यांकरितां निराळें जाळें ठेवण्याची सोय असल्यास तीही करावी.

पोंच कमी पडते ही दुसरी तक्रार. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो व भिंती बऱ्यापैकीं ओलांडतो. ५ चा वेगवान, पण जाड भिंतीपुढें लवकर क्षीण होतो. पत्र्याआड तर दोन्ही दुबळे. शेजारीं पेट्या असल्यास २.४ मध्यें १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहींत. त्यांपैकीं जी मोकळी असेल ती घ्यावी. दोघांनीं एकाच पाटावर एकाच वेळीं पाणी धरल्यास काय होतें, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको.

हें शिकल्यासवरल्या पोरांचें काम, असें म्हणून मालकानें अंग काढून घेऊं नये. पेटीच्या तळाशीं छापलेला पत्ता मोबाइलवर उघडला कीं हें सर्व समोर येतें. मोटारीचा स्टार्टर ज्यानें समजून घेतला, त्यास हें जड नाहीं. मुलाकडून करून घ्यावें, पण स्वतः जवळ बसावें. कोणत्या तारखेस काय बदललें व किल्ल्या कोणत्या, हें वहींत टिपून ती वही खातेपुस्तकाशेजारीं कुलुपांत ठेवावी.

आमच्या संस्थेसही सूचना अशी कीं, या बाबींची एक पानी मराठी यादी छापून सभासदांस वांटावी. आणि यादींतील प्रत्येक बाब आपल्या समक्ष झाल्याखेरीज सभासदानें जोडणीवाल्याच्या कागदावर सही करूं नये. जमिनीची मोजणी आपण गैरहजर राहून करून घेत नाहीं; हेंही तसेंच समजावें.