कुस्ती गेममधली, मानपान लग्नातला!

'टेकेन थ्री'मधला गॉन आठवतोय? गुडघ्याएवढा डायनोसॉर. समोरच्याच्या निम्म्या बुक्क्या त्याच्या डोक्यावरून हवेतच जायच्या. गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळा नाहीतर मित्राच्या पीसीवर, गॉन निवडणाऱ्याला 'चीटर' ही पदवी ठरलेली! पण जिन काझामाच्या टोळीत हा प्राणी आला कुठून, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही.

तर मंडळी, गॉन टेकेनचा नव्हताच. मासाशी तानाका या जपानी चित्रकाराच्या, एकही संवाद नसलेल्या कॉमिकचा तो हीरो. १९९८च्या प्लेस्टेशन आवृत्तीत पाहुणा म्हणून आला, जेवला आणि गेला. पुढच्या टेकेनमध्ये फिरकलासुद्धा नाही. आपण मात्र त्याला घरचाच समजत होतो.

दुसऱ्याच्या घरचं कॅरॅक्टर आपल्या रिंगणात उतरवायचं, हा फायटिंग गेमवाल्यांचा जुना फंडा. आणि त्यातलं राजकारण थेट लग्नाच्या यादीसारखं! कोणाला बोलवायचं, कोण राहिलं तर आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतील, कोण नकोय पण पप्पांच्या धंद्याचे संबंध आहेत... आणि सगळ्यात शेवटी, आलेल्या पाहुण्याचा मानपान नीट झाला का? माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं मंगल कार्यालय म्हणजे निन्टेन्डोचं 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. त्याची सुरुवातच भन्नाट आहे. मासाहिरो साकुराई या डिझायनरने चौघांनी एकत्र खेळायचा एक फायटिंग गेम तयार करायला घेतला. प्रोग्रामिंग करायला सातोरू इवाता, जे तेव्हा एचएएल लॅबोरेटरी या कंपनीचे प्रेसिडेंट होते! (बॉस स्वतः बसून कोड लिहितोय, हे आपल्या ऑफिसात इमॅजिन करून बघा.) गेम मस्त चालत होता, पण त्यातल्या फायटर्सना ना चेहरा ना नाव. अनोळखी माणसांची मारामारी कोण बघणार? मग साकुराईने मारिओ, डॉन्की काँग, सॅमस आणि फॉक्स यांना त्यात बसवलं. आधी परवानगी वगैरे न घेता! सगळं नीट जमल्यावरच ते निन्टेन्डोला दाखवलं. १९९९मध्ये बारा कॅरॅक्टरचा पहिला 'स्मॅश' आला आणि पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

सुरुवातीला सगळे घरचेच होते. तरी या घरात कोण बसतो याला बाजारात किती किंमत आहे, ते २००१च्या 'मेली'मध्ये कळलं. त्यात मार्थ आणि रॉय असे दोन तलवारबाज होते. त्यांची 'फायर एम्ब्लेम' ही मालिका तोवर जपानबाहेर कधी विकलीच गेली नव्हती. रॉयची तर आणखी कमाल, त्याचा स्वतःचा गेम यायच्या काही महिने आधीच तो इथे हजर! चक्क ट्रेलर म्हणून. अमेरिकन पोरांनी विचारलं, हे कोण बुवा? आणि २००३मध्ये 'फायर एम्ब्लेम' अमेरिकेत पोचला. त्यानंतर या खानदानाने असा काही मुक्काम ठोकला की 'अल्टिमेट'मध्ये त्यांची संख्या आठवर गेली. शेवटी साकुराईलाही जाहीरपणे मान्य करावं लागलं, की हो, जरा जास्तच झालेत.

परक्या कंपनीचे पाहुणे आले ते २००८च्या 'ब्रॉल'मध्ये. कोनामीचा सॉलिड स्नेक आणि सेगाचा सॉनिक. सॉनिक म्हणजे नव्वदच्या दशकात मारिओचा कट्टर वैरी, त्याला मारिओच्याच घरात बघून लोक वेडे झाले. पण मला इंटरेस्टिंग वाटतो तो स्नेक. हिडिओ कोजिमाने त्याच्यासाठी 'मेली'च्या वेळीच शब्द टाकला होता, पण तेव्हा उशीर झाला होता. आता हा माणूस लपूनछपून फिरणारा कमांडो. कार्टूनसारख्या मारामारीत त्याच्या हातात पिस्तूल शोभणार नव्हतं. साकुराईने पिस्तूल काढून घेतलं आणि ग्रेनेड, सुरुंग, रिमोटवर फुटणारा बॉम्ब दिला. सोबत त्याचं ते फेमस पुठ्ठ्याचं खोकं! म्हणजे स्नेकशी लढताना तुम्ही सतत विचार करणार, की याने कुठे काय पेरून ठेवलंय? बंदूक गेली, पण स्वभाव शाबूत राहिला.

मानपान म्हणतात तो हा. चेहरा आणि कपडे आणणं सोपं आहे, ते काम पोस्टरही करतं. पण आपण एखाद्या कॅरॅक्टरसोबत शेकडो तास घालवलेले असतात ते बोटांनी. त्याची खरी ओळख बोटांत असते. रियू घ्या. स्मॅशमध्ये सगळे एका बटणावर स्पेशल मारतात. रियूही मारतो. पण तुम्ही जर 'स्ट्रीट फायटर'सारखी काडी खालून पुढे फिरवून बटण दाबलंत, तर त्याचा हादोकेन जास्त जोरात बसतो. ज्याला आठवतं त्याला बक्षीस!

'ड्रॅगन क्वेस्ट'चा हीरो त्याहून मजेशीर. त्याचा मूळ गेम आरामात मेन्यू वाचून, 'आता कोणता मंत्र मारू बरं' असा विचार करत खेळायचा. स्मॅशमध्ये त्याला तोच मेन्यू दिलाय, चार मंत्रांचा, दरवेळी बदलणारा. फक्त तुम्ही तो वाचत असताना समोरचा थांबत नाही, तो येऊन थोबाडीत देतो! आणि 'माइनक्राफ्ट'चा स्टीव्ह? तो २०२०मध्ये आला तो कुदळ घेऊन. जमीन खणतो, माल गोळा करतो, हत्यारं बनवतो, ती झिजली की पुन्हा बनवतो, हवेत विटा रचून त्यावर उभा राहतो. या एका पाहुण्यासाठी साकुराईच्या टीमला गेममधली झाडून सगळी मैदानं नव्याने तपासून दुरुस्त करावी लागली. पुढे तो इतका डोईजड झाला की काही स्पर्धांनी त्याच्यावर बंदीच घातली. पाहुणचार अंगाशी आला म्हणायचा.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण कॅपकॉमचं. २०००च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू'मध्ये ५६ कॅरॅक्टर होती आणि मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल या एक्स-मेनवाल्यांवर लोकांनी अख्खी तरुणाई घालवली. मग २०१७मध्ये 'इन्फिनिट' आला, आणि त्यात एक्स-मेन एकही नाही! त्यांच्या सिनेमांचे हक्क तेव्हा फॉक्सकडे होते, मार्व्हल आपल्या सिनेमातलीच मंडळी पुढे करतंय, अशी जोरदार चर्चा होती. त्यावर कॅपकॉमच्या पीटर रोजास यांनी दिलेलं स्पष्टीकरण जाम गाजलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कॅरॅक्टर म्हणजे शेवटी फंक्शन. मॅग्नेटो आवडतो कारण तो आठही दिशांना झेपावतो. ते तर नोव्हा आणि कॅप्टन मार्व्हलही करतात!

तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हो. एचआरवालेही हेच म्हणतात, की तू गेलास तर तुझ्या जागी दुसरा रिसोर्स येईल. पण सतरा वर्षं मॅग्नेटो खेळलेल्या माणसाला हे तोंडावर सांगायचं? पब्लिक खवळली. पुढच्याच वर्षी, २०१८मध्ये, एव्हो या फायटिंग गेम्सच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या मुख्य यादीत 'इन्फिनिट'ला जागा मिळाली नाही. एवढ्या एका वाक्यामुळे असं मी म्हणणार नाही, गेमचं दिसणंही यथातथाच होतं. पण 'फंक्शन' हा शब्द अजून या मंडळींत शिवीसारखा वापरला जातो.

बरं, यादी ठरवतं कोण? स्मॅशच्या 'अल्टिमेट'ला पैसे देऊन घ्यायचे जे जादा फायटर आले, त्यांची निवड निन्टेन्डोची होती असं साकुराईनेच सांगितलंय. तो फक्त बघायचा की हे आपल्याला जमेल का. म्हणजे नावं साहेबांची, घाम याचा. ओळखीचं वाटतंय ना? कधीकधी तर यजमानाची तिजोरीच बोलते. २०२५मध्ये एसएनकेच्या 'फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वूल्व्ह्ज'मध्ये फुटबॉल घेऊन कोण उतरला? क्रिस्तियानो रोनाल्डो! जिवंत, खराखुरा. एसएनकेची मालकी सौदीच्या युवराजांच्या प्रतिष्ठानाकडे आणि रोनाल्डो खेळतो सौदीतल्या क्लबकडून. दोन अधिक दोन तुम्हीच करा. त्याच गेममध्ये 'स्ट्रीट फायटर'च्या केन आणि चुन-लीलाही आमंत्रण आहे. ते मात्र हक्काचे वाटतात, कारण या दोन घरांत नव्वदच्या दशकापासून भांडण आणि सोयरीक दोन्ही आहे.

आणि लोकांचं कोणी ऐकतं का? ऐकतात, पण सरकारी वेगाने. २०१५मध्ये निन्टेन्डोने जगभरातून मतं मागवली, की स्मॅशमध्ये तुम्हाला कोण हवंय. पहिला नंबर 'किंगडम हार्ट्स'च्या सोराचा आला. पण सोरावर डिस्नेचा हात, त्यामुळे ही गोष्ट तेव्हा कोणी बाहेरही सांगितली नाही. तो आला ऑक्टोबर २०२१मध्ये, 'अल्टिमेट'चा अगदी शेवटचा फायटर म्हणून. किल्लीच्या आकाराची तलवार होती, हवेत तरंगत मारायची ती लकब होती, बोटांना सगळं ओळखीचं लागत होतं. फक्त मूळ गेममध्ये सावलीसारखे मागे असणारे डोनाल्ड आणि गूफी दिसले नाहीत. आमंत्रण एकट्यालाच होतं, सहकुटुंब सहपरिवार नव्हतं.