डिझास्टर!

आमच्या हापिसात दिवसाला सरासरी तीन डिझास्टर होतात. क्लायंट कॉल डिझास्टर, कॅन्टीनचा पुलाव डिझास्टर, आणि शुक्रवारी पाहिलेला पिक्चर तर 'टोटल डिझास्टर'. हा शब्द आपण इतका स्वस्त का केलाय कुणास ठाऊक.

मुळात शब्द मजेशीर आहे. फ्रेंच-इटालियनमार्गे तो 16व्या शतकात इंग्रजीत आला. 'डिस' म्हणजे वाईट आणि 'आस्त्रो' म्हणजे तारा. थोडक्यात, ग्रह फिरले! (हा ग्रीक 'आस्टर', इंग्रजी 'स्टार' आणि आपला 'तारा' हे एकाच मुळाचे भाऊबंद.) साडेसाती काय किंवा ग्रहण लागणं काय, खापर आभाळावर फोडायची सवय सगळीकडे सारखीच.

आणि इथेच माझं खरं भांडण आहे. 'नैसर्गिक आपत्ती' म्हटलं की पुन्हा तेच होतं, फक्त ताऱ्यांच्या जागी निसर्ग येतो.

किल्लारीचं घ्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास साधारण 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपलेले. हजारो माणसं गेली. धक्का निसर्गाचा, कबूल. पण माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचा मणामणाचा भार अंगावर कोसळून. त्याच भागातल्या हलक्या छपराच्या झोपड्या तुलनेने तगल्या. शिवाय नकाशावर हा सगळा भाग तेव्हा भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला! यात कुठला तारा वाकडा होता, सांगा बरं.

भारताच्या 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची व्याख्या मला त्या मानाने फारच आवडते. नुकसान किती झालं एवढंच ती बघत नाही. तिथल्या लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेबाहेरचं ते होतं का, हेही बघते. निष्काळजीपणाही कारणांत धरलाय. म्हणजे तोच पाऊस, तोच धक्का एका गावात नुसती बातमी होईल आणि दुसऱ्या गावात आपत्ती. फरक पडतो तो तिथल्या भिंतींमुळे, नाल्यांमुळे, वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यामुळे.

आपल्या धंद्यात हे बरोबर कळतं हो. डेटा सेंटर बुडेल हे गृहीत धरूनच दुसऱ्या शहरात डीआर साइट असते. किती वेळात पुन्हा उभं राहायचं तो आरटीओ (लायसन्सवाला नव्हे!) आधीच कागदावर लिहिलेला असतो, आणि ड्रिल टाळलं तर ऑडिटवाले मानगुटीवर बसतात. बँकेच्या सर्व्हरसाठी एवढा बंदोबस्त, आणि डोंगराखालच्या वाडीसाठी मात्र 'निसर्गाचा कोप'?

तेव्हा मंडळी, पिक्चर आपटला म्हणा, डेमो फसला म्हणा, रिलीज गंडलं म्हणा. पुलावाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.