कौशल्य कोणाचे, नागवण कोणाची?

जुगारावर निर्बंध असावेत की नाही, हा वाद आपल्याकडे दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहिला : खेळात कौशल्य अधिक की नशीब? १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. तेव्हापासून आपला खेळ कौशल्याचा ठरवून घेतला की धंद्याची वाट मोकळी, असा हिशेब रूढ झाला.

१९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते धरावे व कोणते टाकावे हे ठरवावे लागते. हे निरीक्षण खोटे नाही. परंतु त्याच निकालात असेही बजावले होते की, डावावरच्या पैशातून मालक नफा काढीत असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकेल. मोबाइलवर रमी चालविणाऱ्या कंपन्यांनी निकालाचा पहिला भाग तेवढा मिरविला. दुसऱ्याची आठवण त्यांना परवडणारी नव्हती. डावाडावातून कमिशन कापणे हाच त्यांचा धंदा होता.

शिवाय कौशल्य मान्य केले तरी सिद्ध काय होते? मुरलेल्या खेळाडूसमोर नवखा बसला की, खेळात कौशल्य जितके अधिक तितके त्याचे हरणे निश्चित. डाव चालविणारा मात्र दोघांकडूनही घेतो. त्याला ना कौशल्य लागते, ना नशीब.

या निकषाची वर्गीय बाजूही पाहावी. गिरणगावात मटक्याचा आकडा लावणारा कामगार अड्ड्यावर सापडला तर आरोपी. रेसकोर्सवरील पैजा मात्र मुंबईच्या कायद्याने वगळलेल्या. १९९६ साली मद्रासच्या खटल्यात घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. आणि लॉटरी तर १९६९ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःच काढली. तिच्यात कोणते कौशल्य होते?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला सारला आणि शिक्षा खेळणाऱ्यास नव्हे, तर चालविणाऱ्यास ठेवली. ही दिशा योग्य आहे. पण हाच न्याय रेसकोर्स, लॉटरी आणि मटका या सर्वांना लागू झाला पाहिजे. दुसऱ्याच्या हरण्यावर नफा कोण कमावतो, एवढेच कायद्याने विचारावे व तेथेच हात घालावा. हरणाऱ्याला कोठडी दाखवू नये.

श्रमाने दिवस पालटतील ही आशा जेथे उरत नाही, तेथे माणूस आकड्यावर भिस्त ठेवतो. ती आशा परत मिळवून देणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे. तोवर निदान या निराशेचा व्यापार होऊ न देणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते.