माहेरी नाही, मग मला कसा?



गेल्या पौर्णिमेला वंदना संपल्यावर मंडळातल्या एक ताई विहारात मागे थांबल्या. छातीत सुपारीएवढी गाठ, चार महिन्यांपासून. दुखत नाही म्हणून घरी सांगितले नाही. म्हणाल्या, "आमच्या माहेरी कुणालाच नाही, मग मला कसा होईल?" शेजारणीने मात्र ऐकवले होते, गेल्या जन्मीचे काही असेल.

गेल्या जन्मीचे कर्म भोगावे लागते ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये नाकारली आहे. तो विषय तिथेच संपला. माहेरचा प्रश्न मात्र समजून घेण्यासारखा आहे.

स्तनाच्या कर्करोगात आईबापांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे झालेले रोगी शंभरात पाच ते दहाच असतात. मग बाकीच्यांत काय बिघडते? बरेच काही. त्यातले एक कचेरीच्या भाषेत सांगते. फाईल कपाटात आहे, एक अक्षरही खोडलेले नाही. पण वर 'बंद' अशी चिठ्ठी डकवली की तिला कोणी हात लावत नाही. पेशीत ही चिठ्ठी म्हणजे मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण. ती जनुकावर बसली की जनुक गप्प. बीआरसीए-१ हे जनुक डीएनएची मोडतोड दुरुस्त करते. काहींच्या गाठीत ते शाबूत असूनही असे बंद पडलेले सापडते. ई-कॅडहेरिनचे जनुक पेशींना एकमेकींशी धरून ठेवते. ते गप्प झाले की पेशी सुट्या होऊन काखेत, हाडांत, फुप्फुसांत पसरू शकतात.

चिठ्ठी काढता येते, हे विशेष. तशी औषधे रक्ताच्या काही आजारांत वापरतात. स्तनाच्या कर्करोगात अजून प्रयोगच चालू आहेत, तेव्हा त्यांची वाट पाहत बसू नये.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासले. यंत्र नाही, काही नाही! २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात मृत्यू तसे घटले नाहीत, पण गाठ लवकर सापडली.

त्या ताईंना मंडळाच्या दोघीजणी सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. सुईने नमुना काढला आहे. अहवाल सोमवारी मिळेल. यजमानांनी त्या दिवशीची रजा टाकली आहे.